शोकेसमध्ये कोंडलेला राउटर

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की हळू आवाजात, डोळे पुसत सांगतात, असं तुम्हाला वाटत असेल. मी डोळे पुसणार नाही. मला डोळेच नाहीत. चार हिरवे दिवे आहेत, आणि त्यातला एक वेळ आली की लाल होतो.

जुना म्हणजे किती जुना? चार वर्षांचा. चार वर्षांचं तुमचं भावंड अजून अंगणवाडीत खाऊचा डबा सांडत असतं, त्याला कुणी म्हातारं म्हणत नाही. मला मात्र चार वर्षांत म्हातारा ठरवलं. का, तर म्हणे मागच्या खोलीत माझं काम पोचत नाही. ते का पोचत नाही, हे घरात कुणी विचारलं नाही. एकीनं विचारलं, तर तिचंही कुणी ऐकलं नाही. ही गोष्ट माझी आहे, पण अर्धी तिची आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईनं माझे दोन कान, म्हणजे अँटेना, नीट वर-खाली करून पाहिले आणि मला खोक्यात झोपवलं. पुढे बरेच दिवस मी भिवंडीच्या एका गोदामात अंधारात होतो. तिथून शहापूरच्या एका दुकानात आलो, आणि एका दुपारी केबलवाल्याच्या मोटरसायकलवरून, त्याच्या पाठीवरच्या पिशवीत बसून, खर्डीच्या पुढे तानसाच्या जंगलाच्या अंगाला असलेल्या एका गावात. घर महिपतचं. महिपत आणि त्याची बायको गिरजा भातशेती करतात. मुलगा ओमकार कल्याणला नोकरीला जातो, सकाळच्या गाडीनं गेलेला दिवेलागणीला परततो. सून प्रियांका मुरबाडकडची, शिक्षिकेचं शिक्षण घेतलेली.

त्या गावात डोंगरामुळे मोबाईलला रेंज नाही. रेंज हवी असेल तर वेशीवरच्या चिंचेखाली जाऊन उभं राहायचं. म्हणून मी आलो तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! केबलवाल्यानं विचारलं, "काका, कुठं बसवू?" महिपतनं छाती पुढे काढली. "कुठं म्हंजे? पडवीत. शोकेसमधी. आल्या-गेल्याला दिसला पायजे."

शोकेस म्हणजे पडवीच्या भिंतीला लावलेलं पत्र्याचं कपाट, पुढे काचेची दारं. त्यात लग्नात आलेले स्टीलचे हंडे, तांबे, एक पितळी समई आणि महिपतनं तरुणपणी जिंकलेला कबड्डीचा कप. केबलवाला बिचारा म्हणाला, "काका, मोकळ्या जागी ठेवला तर बरं. घराच्या मधोमध." त्यानं काचेचा धागा आत असलेली माझी तार मुद्दाम लांब सोडली, तिचं मोठं वेटोळं करून शोकेसच्या मागे खिळ्याला टांगलं. "कधी हलवायचा झाला तर तार पुरेल," असंही सांगितलं. पण तोवर महिपतनं मला कप आणि हंड्याच्या मधल्या फटीत सारून काच लावून टाकली होती. त्या वेटोळ्यावर गिरजानं दुसऱ्याच दिवशी गोठ्याच्या चाव्या अडकवल्या.

गिरजाचं माझ्यावर प्रेम होतं, नाही असं नाही. तिनं क्रोशानं विणलेला पांढरा रुमाल माझ्यावर घातला. तिच्या घरात मिक्सरवर रुमाल, टीव्हीवर रुमाल, म्हणून माझ्यावरही रुमाल. आत माझा जीव उकडून जाई. दसऱ्याला तर कहरच. विळे, कोयते, पाण्याचा पंप, मोटरसायकल यांच्या रांगेत मला मांडलं, माझ्या दोन्ही कानांत झेंडूची माळ घातली आणि हळदकुंकवाची चिमूट अशी वाहिली की ती सरळ माझ्या श्वासाच्या भोकांत. पुढे कितीतरी दिवस माझ्या पोटात कुंकू खुळखुळत होतं. पण पूजा झाल्यावर त्या विळ्याला कुणी काचेच्या कपाटात ठेवलं का? नाही. विळा दुसऱ्या दिवशी शेतावर गेला, कोयता रानात गेला. मी परत हंड्याशेजारी.

आता माझं काम काय, ते तुम्हाला सांगतो. मी सतत बोलत असतो. माझं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही, तुमच्या मोबाईलला येतं. ते लाकडातून जातं, विटांच्या भिंतीतून थोडं दमून जातं. दगडमातीची जाड भिंत आली की माझा दम निघतो. आणि पत्रा आला, की माझं बोलणं त्यावर आपटून माघारी येतं. पत्र्याच्या कपाटात, हंड्या-तांब्यांच्या गराड्यात, डोक्यावर रुमाल घेऊन बोलायला सांगितलं तर कुणाचा आवाज लांब जाईल? तुम्ही तोंडावर घागर धरून हाका मारून बघा.

तरी पडवीत माझं बरं चाले. घराशेजारी भात भरडायची गिरणी आहे. भात लावून बसलेली माणसं महिपतच्या ओट्यावर येऊन बसत आणि मोबाईल काढत. पासवर्ड सगळ्यांना ठाऊक. महिपतच्या लाडक्या बैलाचं नाव, पाखऱ्या, आणि पुढे एक-दोन-तीन. कुणी विचारलं की महिपत आधी त्या बैलाची कथा सांगे, मग पासवर्ड. स्वतः महिपत दुपारी खाटेवर पडून बैलांच्या शर्यतीचे व्हिडिओ बघे. सगळे म्हणत, "काय स्पीड आहे!" मी फुशारून जाई. मला वाटे, घरात सगळं छान चाललंय.

घराची शेवटची खोली मला दिसतच नव्हती.

घर असं आहे : पुढे पडवी, मग माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागे ओमकारच्या लग्नात बांधलेली नवी खोली. माजघर आणि ती खोली यांच्यामध्ये जुन्या घराची हातभर जाड दगडमातीची भिंत, आणि भिंतीत एक दार. प्रियांका त्या मागच्या खोलीत. तिचा मोबाईल मला लांबून, विहिरीच्या तळातून कुणी हाक मारावी तसा ऐकू यायचा. पण यायचा. गेल्या पावसाळ्यात ती पोटुशी होती, तेव्हा तिथेच बसून तिनं एका संस्थेत अर्ज केला. ठाण्याची संस्था. लांबलांबच्या लहान मुलांना घरबसल्या, मोबाईलच्या पडद्यावरून मराठी वाचायला शिकवायचं. रोज दीड तास. प्रियांकानं शिकवण्याचं शिक्षण घेतलं आणि लग्नानंतर ते पेटीत घालून ठेवलं होतं. हे काम म्हणजे तिला पेटीचं झाकण उघडल्यासारखं झालं. संस्थेच्या कुणाली मॅडमनी अर्ज पसंत केला. आता एक नमुना पाठ घेऊन दाखवायचा, तो जमला की काम नक्की.

मग दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. भात घरात आलं, आणि बाळ घरात आलं.

भात ठेवायची पत्र्याची कोठी पावसाळाभर मागच्या अंगणात पालथी असते. दिवाळीनंतर ती धुऊन, वाळवून माजघरात आली. पुरुषभर उंच, दोघांच्या कवेत न मावणारी. यंदा ती बसवली मागच्या भिंतीला चिकटून, खोलीच्या दाराची अर्धी वाट अडवून, आणि गळ्यापर्यंत भातानं भरली. गिरजानं कोठीला पाच बोटं कुंकवाची लावली. तिच्या घरात रिवाज असा, की एकदा भरलेली कोठी तळ दिसेपर्यंत जागची हलवायची नाही.

मित्रांनो, त्या दिवशी मागच्या खोलीतला मोबाईल मला ऐकू यायचा जवळजवळ बंद झाला. पत्रा, आत ठासून भरलेलं धान्य, मागे दगडी भिंत. मी ओरडून ओरडून लाल व्हायचा बाकी राहिलो.

आणि त्याच खोलीत प्रियांका शहापूरच्या दवाखान्यातून आपली इवलीशी मुलगी घेऊन आली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण प्रियांकाला आई नाही. म्हणून गिरजानंच सगळं अंगावर घेतलं. बाळंतिणीनं सवा महिना मागच्या खोलीत राहायचं, कानाला फडकं बांधायचं, पडवीतल्या वाऱ्याला यायचं नाही. गिरजा तिला डिंकाचे लाडू खाऊ घाली, शेगडीनं शेक देई. फार मायेनं करी. पण ती माया मागच्या खोलीच्या दाराशी येऊन बसली होती, तिथून प्रियांकाला बाहेर पडायला जागा नव्हती.

नमुना पाठाचा मंगळवार आला. बाळ सोळा दिवसांचं. प्रियांकानं केस विंचरले, भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथे आपली साडी टांगली म्हणजे मागे छान दिसेल. अकरा वाजले. मी जीव तोडून बोलत होतो, कोठीवर आपटून माघारी येत होतो. तिच्या पडद्यावर मुलांचे चेहरे करड्या चौकोनांसारखे थिजले. मला फक्त तिचे तुकडे ऐकू येत होते.

"हॅलो मॅडम... माझा आवाज येतोय का?"

"..."

"मॅडम, आता? आता येतोय का आवाज?"

स्वयंपाकघरात गिरजा बाळाला घेऊन उभी होती. तिनं हे सगळं ऐकलं. प्रियांका दार उघडून माजघरात आली, कोठीला वळसा घालून मोबाईल उंच धरून उभी राहिली, तशी गिरजा ओरडली, "गो, वाऱ्यात कुठं येतेस? कानाला फडका बांध!" आणि पडवीच्या बाजूनं गिरणी अशी धडधडली, की पलीकडून कुणाली मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडे काय रेल्वे चाललीय का?" आणि पुन्हा फोन तुटला.

थोड्या वेळानं त्यांचा निरोप आला. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी अकराला आणखी एक संधी. शांत खोली आणि नीट नेट हवा. तेव्हा जमलं नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला जाईल.

आता दोष कुणाला मिळाला असेल, सांगा बघू?

"ह्यो डबा म्हातारा झालाय," महिपतनं शोकेसची काच उघडून माझ्या डोक्यात एक टपली हाणली. "बदलून टाका."

"बाबा, पडवीत चालतोय की मस्त," ओमकार म्हणाला. "बिगडला असता तर हितं पन नसता चालला." मला वाटलं, चला, एकाला तरी अक्कल आहे. पण पुढचं वाक्य ऐका. "ताकद कमी पडतेय त्याची. बूस्टर आणतो."

आणि त्यानं माझी बटणं दाबली, मला बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. दिवसातून सहा वेळा. शाळेत तुम्हाला कुणी सहा वेळा उठाबशा काढायला लावल्या तर तुम्हाला गणित येईल का?

प्रियांकानं मात्र एक वेगळंच केलं. बाळ झोपलं की ती गिरजाची नजर चुकवून, मोबाईल हातात घेऊन घरभर एकेक पाऊल टाकत फिरे आणि मोबाईलवरच्या माझ्या रेघा मोजे. गोळ्यांच्या कागदी पाकिटावर तिनं लिहून ठेवलं : पडवीत चार. माजघराच्या उंबऱ्यात तीन. कोठीच्या अलीकडे दोन. कोठीच्या पलीकडे शून्य. तिनं ते पाकीट ओमकारला दाखवलं.

"आवं, बगा ना. ह्या कोठीशीच अडतंय. राउटर शोकेसमधनं काडून माजघरात आणला तर?"

महिपत हसला. "भात खातो काय तुझा नेट, कोठीपाशी थांबायला?"

"बाबा, कपाट पन पत्र्याचा हाय ना. त्याच्यात..."

"तू बाळाकडं बघ गो. मशीनचा आमी बगतो," महिपत म्हणाला. "आनि तो शोकेसमधनं काडला तर पावन्यांना काय दाखवू? नुसता कप? तो तर गंजलाय."

मित्रांनो, माझा सगळ्यात जास्त राग इथे आहे. ज्यांना चार रेघा मिळत होत्या, ते ठरवत होते. जिला शून्य मिळत होत्या, तिनं मोजून, लिहून, हातात आणून दिलं होतं. पण ते पाकीट महिपतनं खिशात घातलं आणि त्यात तंबाखू ठेवली.

रविवारी बूस्टर आला. बूस्टर म्हणजे माझा धाकटा भाऊ समजा. माझं बोलणं ऐकायचं आणि पुढे तेच मोठ्यानं सांगायचं, एवढंच त्याचं काम. सोमवारी सकाळी गाडीला निघता निघता ओमकारनं तो नेऊन कुठे लावला? थेट मागच्या खोलीत, बाळाच्या झोळीशेजारी.

"हितं नाय चालायचा," प्रियांका म्हणाली. "हितं मूळ आवाजच येत नाय, तर हा काय पकडनार?"

"खोक्यावर लिवलाय की. जितं रेंज नाय, त्या खोलीसाठी."

"खोलीसाठी लिवलाय. खोलीत लावा असा नाय लिवला."

ओमकारला गाडीची घाई होती. "बघू नंतर," म्हणून तो निघाला. माझा भाऊ तिथे एक लाल दिवा लावून बसून राहिला. त्याच्यापर्यंत माझा एक शब्द पोचत नव्हता. नवा कोरा, सशक्त, आणि बसल्या जागी बहिरा. त्यालाही लगेच "फालतू माल" ठरवून मोकळे झाले.

आता वाडीवरच्या बाईजाबद्दल सांगतो. बाईजा म्हणजे बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावून न्हाऊमाखू घालणारी. वय सत्तरीला टेकलेलं, हात अजून पिळदार. रोज सकाळी आठला येते. तिची लेक ठकी वसईला असते. बाईजाकडे लेकीनं दिलेला मोबाईल आहे आणि अर्थात पाखऱ्याचा पासवर्ड आहे. पडवीत पाऊल टाकलं की ती ठकीला व्हिडिओ कॉल लावते आणि बोलत बोलत माजघरातून मागच्या खोलीकडे जाते.

बुधवारी सकाळी ती अशीच चालली होती, आणि कोठीपाशी येऊन थबकली. मोबाईल गिरजाच्या तोंडासमोर धरला.

"गिरजे, हे बघ. माझी ठकी रोज ह्या कोठीपाशी आली की अशीच तोंड वासून थांबते. भात मागतेय जनू."

गिरजा हसायला लागली. पडद्यावर ठकी खरंच तोंड उघडं ठेवून गोठली होती. बाईजा दोन पावलं मागे गेली. ठकी बोलायला लागली. दोन पावलं पुढे. ठकी गप्प.

आतून प्रियांका म्हणाली, "तेच मी मोजलेला, आजी. कुनी ऐकला नाय."

गिरजाचं हसू गेलं. बाईजा जमिनीवर पाय पसरून बसली, बाळाला पायांवर घेतलं आणि तेल चोळता चोळता म्हणाली, "गिरजे, वीज नव्हती तवा तुज्या सासूचा कंदील कुठं टांगायचा?"

"हितं, माजघरात. मधल्या बहालाला. आकडा अजून हाय बघ." गिरजानं छताखालच्या तुळईकडे बोट दाखवलं.

"पडवीत का नाय टांगायची? आल्यागेल्याला दिसला असता."

"काय बोलतेस! सगळीकडं उजेड पडाया नको?"

"आनि कपाटात का नाय ठेवायची? वर रुमाल घालून?"

गिरजानं शोकेसकडे मान वळवली. बाळाचे पाय बाईजाच्या हातात गुळगुळीत चमकत होते. मागच्या खोलीत प्रियांका मोबाईल चेहऱ्यासमोर धरून, आवाज न करता, उद्याचा पाठ ओठांनी म्हणून बघत होती. गिरजा दारातून तिला बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाईजे, त्या मंगळवारी हिनं किती वेळा इचारला, ठाव हाय? माझा आवाज येतोय का, माझा आवाज येतोय का. सतरा वेळा. मी मोजला. आपल्याच घरात बसून बाईनं किती वेळा इचारायचा?"

मी शोकेसमध्ये होतो, पण हे वाक्य माझ्यापर्यंत आलं. माणसांचं बोलणं पत्र्यातूनसुद्धा येतं.

गुरुवार उजाडला. ओमकार गाडीला गेला. महिपत सातबाऱ्याच्या कामासाठी शहापूरला तहसीलात गेला. साडेनऊला गिरजानं पदर खोचला, शोकेसची काच सरकवली आणि मला बाहेर काढलं. रुमाल बाजूला. दसरा सोडला, तर चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगाला वारा लागला.

"आई, आधी तार सोडवू," प्रियांका फडकं बांधून उंबऱ्यात उभी होती. "खिळ्यावर वेटोळं हाय बघा. पन मुडपू नका. आत काचेचा धागा असतो."

"काचेचा?" बाईजा म्हणाली. "मग बांगड्या उतरवते तशी उतरवते." आणि तिनं गोठ्याच्या चाव्या काढल्या, ते वेटोळं एकेक फेर सोडवत असं हातावर घेतलं, की एकही घडी पडली नाही. चार वर्षं भिंतीवर टांगलेली तार माजघराच्या मध्यापर्यंत अगदी बरोबर पुरली. वितभर उरली.

गिरजा स्टुलावर चढली. कोठी हलवली नाही, रिवाज मोडला नाही. मलाच उंच चढवलं, मधल्या बहालाला, जिथे कंदील टांगत तिथे. एका लाकडी फळीवर, दोरीनं घट्ट, मोकळा. तिथून मागच्या खोलीचं दार कोठीच्या डोक्यावरून मला प्रथमच दिसलं. बूस्टरलाही त्याच्या कोपऱ्यातून उठवून प्रियांकाच्या सांगण्यावरून त्या दाराच्या चौकटीवरच्या फळीवर बसवलं. तिथे माझा आवाज त्याला नीट ऐकू येतो, आणि तिथून तो पुढे खोलीत सांगू शकतो.

दोघांना विजेसाठी भिंतीवरच्या प्लगातून जोडवायर दिली आणि दहा-चाळीसला बटण दाबलं. माझा पहिला दिवा लागला. दुसरा लागला. तिसरा लाल. लालच राहिला. खाली तीन बायका माना वर करून उभ्या होत्या. पोटात अजून दसऱ्याचं कुंकू होतं, उन्हाळ्यातली धूळ होती. मी सगळी ताकद लावली, मित्रांनो. तिसरा दिवा हिरवा झाला. मग चौथा.

"ठकीला लाव!" गिरजा म्हणाली.

बाईजानं कॉल लावला आणि चालायला लागली. माजघर. कोठी. कोठीच्या बाजूनं दार. खोलीच्या आत. "आये, काय चाललंय, अशी पळतेस कशाला?" ठकी बोलतच होती, बोलतच होती.

"गेली गो!" बाईजा ओरडली. "ठकी कोठी वलांडून गेली!"

अकराला पडद्यावर सहा मुलं आली. करडे चौकोन नव्हते, सहा चेहरे होते, एकाचा पुढचा दात पडलेला. प्रियांकानं काळ्या कापडावर भाताचे दाणे घेऊन, एकेक दाणा मांडत, 'भ' हे अक्षर काढलं. 'भ' भाताचा. मी आणि माझा भाऊ तो एकेक दाणा ठाण्यापर्यंत पोचवत होतो. तेवढ्यात तो दात पडलेला मुलगा म्हणाला, "बाई, तुमचा एक दाणा रेघेच्या बाहेर गेलाय."

प्रियांका हसली. दाणा बोटानं आत सरकवला. मला वाटलं, कुणीतरी माझ्या गळ्यात हार घालावा तर तो आत्ता.

आणि नेमकं बाळ जागं झालं. टाहो फोडला. गिरजा धावत आली, पण आवाज गेलाच होता. प्रियांकाचा चेहरा उतरला. शांत खोली हवी म्हणाल्या होत्या ना.

"तुमच्या मागे बाळ आहे का?" कुणाली मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम. पंचवीस दिवसांचं. माफ करा, मी..."

"माफी कसली? आवाज अगदी स्पष्ट येतोय," मॅडम म्हणाल्या. "दोघींचाही. बारसं झालं की कळवा, तेव्हापासून वर्ग सुरू करू."

दुपारी महिपत शहापूरहून आला. पायातल्या चपला काढता काढता त्याची नजर शोकेसवर गेली. हंडा, कप, आणि मध्ये रिकामी जागा.

"आरं, माझा राउटर चोरीला गेला!"

गिरजा आतून म्हणाली, "चोरीला नाय गेला. कामाला लागला."

तो माजघरात आला, मान वर करून मला बघितलं, मग मागच्या खोलीत डोकावला. प्रियांका बाळाला पाजत होती आणि तिच्या शेजारी मोबाईलवर तिचं कामाचं पत्र उघडं होतं. त्यानं खिशातून गोळ्यांचं ते पाकीट काढलं. तंबाखू झटकली आणि आकडे वाचले. चार, तीन, दोन, शून्य. पाकिटाची घडी नीट करून त्यानं ते सुनेला परत दिलं.

त्याचं पाहुण्यांना दाखवायचं वेड मात्र सुटलं नाही. त्यानं माळ्यावरून माझा रिकामा खोका शोधून काढला आणि शोकेसमध्ये कपाशेजारी उभा केला. गिरजानं त्याच्यावर रुमालही घातला. पाहुणे येतात, खोक्याचं कौतुक करतात. मला हरकत नाही. माझा राग तेवढा उतरला आहे. तेवढाच.

कारण मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांच्या घरी माझे भाऊ अजून टीव्हीच्या मागे, कपाटाच्या आत, जमिनीवर, चपलांच्या शेजारी पडून आहेत, आणि दिवसाला सहा वेळा उठाबशा काढत आहेत. त्यांना माळ नको, रुमाल नको. त्यांना उंचावर, घराच्या मधोमध, मोकळी जागा द्या. मधे पत्रा येऊ देऊ नका. धूळ पुसा. बूस्टर लावायचा तर आवाज संपतो तिथे लावू नका, आवाज अजून येतो तिथे लावा.

आणि हे सगळं करण्याआधी एक काम करा. पडवीत बसून "मस्त चालतोय" म्हणू नका. उठा, घराच्या सगळ्यात मागच्या खोलीत जा. तिथे जे माणूस बसलं असेल, आई असेल, आजी असेल, ताई असेल, त्याला विचारा, "इथे येतं का?" ते काय सांगतं ते नीट ऐकून घ्या. ते नाही म्हणालं, तर माझ्या डोक्यात टपली मारू नका. मला तुम्ही कुठे ठेवलंय, ते आधी बघा.